पाहुणं घर

आत्याचा घसा बसला, आणि त्या दिवसापासून गल्लीतलं एकही घर धड बसेना.

आधी लोक हसले. गावाची घरं बसवणारी बाई, आणि तिचाच घसा बसावा, म्हणजे कमालच झाली. पण दुसऱ्या दिवशी समोरचा बेकरीवाला झोपेत दार उघडून बाहेर आला आणि पायरी हातभर वर राहिल्यामुळे थेट चिखलात बसला, तेव्हा गल्लीचं हसू जरा आवरतं झालं.

कारण इथली घरं लाकडाची, अंगाने हलकी आणि स्वभावाने उतावळी. ती नुसती बांधून भागत नाही, रोज बसवावी लागतात. आत्या सकाळी काठी टेकत निघायची, प्रत्येक दारासमोर थांबायची आणि बेंबीच्या देठापासून एकच शब्द काढायची, "बस." की घर खाली टेकायचं, बुडाखालची धूळ उडायची आणि आतली माणसं निर्धास्त अंघोळीला जायची. न बसवलेलं घर दुपारपर्यंत वीतभर उठतं. त्यात कुणी हसलं-खिदळलं, तर आणखी उठतं. रडण्याने जड होतं म्हणतात, पण घर खाली राहावं म्हणून रोज रडणार कोण? चुलत आजोबांचं घर असंच एका वाढदिवसाला हसता हसता उठलं आणि तळ्यापलीकडे गेलं. तळं ओलांडलेल्या घराला जमिनीची आठवण राहत नाही. ते परत टेकत नाही. आजही हवा स्वच्छ असली की वरून आजोबांचा खोकला ऐकू येतो, आणि कधीमधी एखादा मोजा पडतो.

हे काम घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि आता ते कुणाकडे जाणार, यावरून सगळं घर डोक्यावर घेतलं गेलं होतं. या घरात हा वाक्प्रचार जपून वापरतात.

भिंगरीला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की उशीत तोंड खुपसून ती "बस" म्हणायचा सराव करायची. पलंग कधी बसला नाही. एकदा उठला मात्र. भिंगरीचा दोष एकच, हसू. घरातली धाकटी, पायाला चाकं लावल्यासारखी दिवसभर फिरायची म्हणून भिंगरी, आणि फिरताना हसायची. हसू दाबायला गेली की ते नाकातून यायचं, आणि ते जास्त वाईट. गेल्या वर्षी आत्याने तिला हाताखाली घेऊन पाहिलं होतं. पहिल्याच सकाळी बेकरीवाल्याच्या दाराशी तिला कशावरून तरी हसू फुटलं, आणि घर वर गेलं. बेकरीवाला टबात होता. खिडकीतून साबणाचा फेस गळत होता, आणि फेसामागून शिव्या. त्या दिवसापासून कामाच्या वेळी भिंगरीने गल्लीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम झाला.

तर रविवारी दुपारी काकांनी बैठक बोलावली. काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेली, त्यामुळे जेवायला बसले तरी आधी काय सिद्ध करायचं आहे ते सांगत. त्याच दुपारी ताई, म्हणजे भिंगरीची थोरली बहीण, लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन येणार होती. काकांना वाटलं बरंच झालं, जावयाच्या देखत कुणी भांडणार नाही. काकांना भूमिती कळत असे, घर कळत नसे.

जावई दाताचे डॉक्टर होते. दूरच्या सपाट शहरातले, जिथे घरं दगडाची असतात आणि गप्प असतात. माणूस गोड. इतका अदबीचा की मांजर आडवं गेलं तरी "जा हो, तुम्ही आधी" म्हणणारा. इथे हसायचं नाही, एवढं ताईने त्यांना वाटेत पढवून आणलं होतं. ते बिचारे ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसले होते. भिंगरीला ते पाहूनच हसू येत होतं, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"मुद्दा पहिला," काका म्हणाले. "आत्याचा आवाज गेला. मुद्दा दुसरा, घरं कुणासाठी थांबत नाहीत. मुद्दा तिसरा, आवाज कुणाकडे आहे? आपल्या भोंग्याकडे."

भोंगा म्हणजे काकांचा मुलगा, भिंगरीचा दादा. त्याने जेवताना मीठ मागितलं की शेजारून कुणीतरी मीठ घेऊन येई. आत्ता मात्र तो मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"आणि भिंगरी?" ताईने विचारलं.

"भिंगरी मामाकडे. त्याचं टोप्यांचं दुकान आहे, शहर सपाट आहे, घरं दगडाची आहेत. तिथे तिनं पोटभर हसावं. कुणाचं काही उठणार नाही."

आत्याने काठी दोनदा आपटली. घसा बसल्यापासून तिची हीच भाषा होती. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि सलग ठोके म्हणजे गाढवांनो.

"बघा, आत्याचीही संमती आहे," काका म्हणाले.

"भावजी, दोन ठोके म्हणजे नाही," आई म्हणाली.

"एक हो, आणि वर आणखी एक हो. म्हणजे ठाम हो."

आत्याने काठी सलग आपटायला सुरुवात केली. काका म्हणाले, "टाळ्या."

भिंगरीच्या नाकातून फुर्रकन आवाज आला, आणि घर बोटभर उठलं. सगळ्यांच्या बशा एका बाजूला सरकल्या.

"हे बघा," काका म्हणाले. "याहून पुरावा काय हवा?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. बाबा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणारे, तेव्हा घरात तिच्या बाजूने बोलायचं तर ते आईनेच. आई टेबलावरचा चहा पुसत होती. पुसून झालं तरी पुसत होती.

"थोडे दिवस जाईल मामाकडे," आई शेवटी म्हणाली. "मला रोज ही धाकधूक नको वाटते. कधी वर जाऊ, कधी खाली येऊ."

भिंगरीचं हसू जागच्या जागी वाळलं. आई काकांच्या बाजूने जाईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात घर पुन्हा हललं, कारण एकदा उठलेलं घर असं चुळबुळ करतंच. जावयांची खुर्ची डगमगली. खुर्चीत कुणी चुळबुळ करायला लागलं की दाताचा डॉक्टर काय करतो? ते त्यांनी केलं. त्यांनी भिंतीवर हलकेच थोपटलं आणि सवयीच्या मऊ आवाजात म्हणाले,

"बसा, बसा. अगदी आरामात बसा. मुळीच दुखणार नाही."

आत्याच्या हातातली काठी हवेतच राहिली.

आणि घर बसलं. पण कसं बसलं? नेहमीसारखं धप्पकन नाही. सावकाश, आवाज न करता, नव्या माणसांकडे खुर्चीच्या कडेवर टेकतात तसं. पडदे आपोआप सरळ झाले. भिंतीवरची वाकडी तसबीर नीट झाली.

"वा," काका म्हणाले. "जावईबापू, तुमच्या हाताला गुण आहे. मुद्दा चौथा—"

"तुम्ही त्याला काय म्हणालात?" आईने विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बसा म्हणालो," जावई म्हणाले. "चुकलं का काही?"

"घराला कुणी बसा म्हणतं का? बसा पाहुण्याला म्हणतात."

"मग?"

"मग काय? पाहुणं झालं ते. आता पाहुणा काय करतो? टेकतो, इकडेतिकडे बघतो, आणि मग उठतो."

ताईने कपाळावर हात मारला. हसायचं नाही एवढं तिने शिकवलं होतं. बोलायचं काय नाही, ते शिकवायचं राहूनच गेलं होतं. तेवढ्यात दाराची बिजागरी करकरली, आणि त्या करकरण्यात सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, "बरंय, येतं हं."

घर उठलं. अंगण मागे राहिलं, कुंपणाचं फाटक मागे राहिलं, दोरीवरचे वाळत घातलेले कपडे मात्र बरोबर आले. रस्त्यावरून दोन हात वर, झुलत झुलत, सगळ्या कुटुंबाला पोटात घेऊन ते तळ्याच्या दिशेने निघालं.

नशीब एवढंच की निरोप घेणारा पाहुणा लवकर निघत नाही. फाटकाबाहेर पडताच घर थांबलं आणि समोरच्या घराकडे वळून खिडक्यांची झडपं वाजवायला लागलं. समोरच्यानेही वाजवली. बऱ्याच गप्पा झाल्या. मग दोन पावलं पुढे, आणि त्याच्या शेजारच्या घराशी तेच.

बेकरीवाला खिडकीत आला. "काय, आज सहकुटुंब?"

"जरा तळ्यापर्यंत," काका म्हणाले, कारण दुसरं काय बोलणार?

भिंगरीने पदराचं टोक तोंडात कोंबलं. म्हणजे तिच्या नव्हे, आईच्या. हसण्यासारखं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. तळ्यापलीकडे गेलं की संपलं, उरलेला जन्म आजोबांच्या शेजारी ढगात. पण दोरीवर काकांची अर्धी चड्डी झेंड्यासारखी फडफडत होती आणि खालून लोक हात हलवत होते. तिच्या नाकातून फुर्र झालं, आणि घर बेकरीच्या पाटीइतकं उंच झालं.

"हिला कोठीत घाला कुणीतरी," काका ओरडले. "आणि भोंग्या, ऊठ. तुझं काम."

आईने भिंगरीला कोठीच्या खोलीत लोटलं आणि दार लावलं. दाराच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. भोंगा खोलीच्या मधोमध गेला, छाती भरून घेतली आणि ओरडला.

"बस!"

खालच्या रस्त्यावरची कुत्री पळाली. घर जागच्या जागी थबकलं. मग छपराच्या फळ्या पिसांसारख्या उभ्या राहिल्या, आणि ते रागाने तरातरा वर चढलं, झाडांच्याही वर. आता पाहुण्याला कुणी एकेरीत "बस" म्हटलं, तर तो दुसरं काय करणार?

"परत म्हण," काका म्हणाले.

भोंगा पडद्याला घट्ट धरून खाली बसला होता. "बाबा, मला नाही जमणार. मला उंचीची भीती वाटते."

"गाढवा, घर बसवणाऱ्याला उंचीशी काय करायचंय? ते बसलेलं असतं."

"बसलेलं नसतं म्हणून तर बसवतात ना, बाबा."

काकांना हे सिद्ध झालेलं दिसलं. आत्याने काठीचा एक ठोका दिला.

"हे मला आधी सांगितलं नाहीस?" काका म्हणाले, बरेच हळू.

"रोज सांगतो. तुम्ही म्हणता, आवाज आहे ना तुला."

मग आग्रहाचा प्रयोग झाला. पाहुण्याला थांबवायचं तर आग्रहच करायचा, ही ताईची कल्पना. "अहो, असं काय? आत्ता तर आलात," ती म्हणाली. घर थोडं खाली आलं, आणि "नको नको" म्हणून पुन्हा वर गेलं. "आमचा काही अपराध झाला का?" काका म्हणाले. घर खाली, घर वर. "निदान कवळी तरी," असं जावई म्हणायला लागले, पण ताईने त्यांना थांबवलं. सगळे मिळून इतके गोड बोलत होते की भिंगरीला कोठीत कानात बोटं घालावीशी वाटली. शेवटी आईने ताजा चहा केला आणि उंबऱ्यावर ओतला. घराने तो फळ्यांमधून सावकाश पिऊन घेतला. आणि मग जे जोरात निघालं, ते विचारू नका. चहा झाला, आता पाहुणा जायला मोकळा.

"चहा कशाला दिलास?" ताई म्हणाली.

"मग काय उपाशी पाठवू?" आई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. त्याने घर जरा जड झालं, पण पुरेसं नाही.

कोठीत बटाट्यांच्या पोत्यावर बसून भिंगरीने फळीच्या फटीतून खाली पाहिलं. घरं संपली होती. शेवटची बाग, शेवटचा दिवा, आणि पुढे तळ्याचं पाणी उन्हात लखलखत होतं. आता मात्र तिला हसू येईना. तिने बाहेर जायला दाराला खांदा लावला. कोठीचं दार जन्मापासून अडकायचं. दोनदा ढकला, एकदा लाथ मारा, शिवी द्या, तेव्हा उघडणार. आज ते खांदा नुसता टेकताच उघडलं. मागे सरून, अदबीने, "या ना" म्हटल्यासारखं.

भिंगरीने मागच्या जिन्यावर चढून पाहिलं, तिसरी पायरी वाजली नाही. न्हाणीचा नळ, जो कधीही बंद होत नसे, गुपचूप बंद होता. सगळं नीट, सगळं गुळगुळीत. आपल्या घरात असं काही नीट असतं का? हे आपल्याशी परक्यासारखं वागतंय, हे तिला कळलं, आणि इतकं वाईट वाटलं की ती जिन्यावरच बसली.

परकं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. सुट्टीत मामाकडे जायची तेव्हा मामी तिला हातात ताट द्यायची. एक कप विसळायला उठली, तरी "राहू दे गं, तू पाहुणी" म्हणायची. दोन दिवस मजा वाटे. तिसऱ्या दिवशी आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटायला लागे, आणि चौथ्या दिवशी ती निघायची. कुणी जा म्हणायचं नाही. उलट थांबायचा आग्रह व्हायचा. पण आग्रह होतो म्हणजेच आपण तिथले नाही, हे तिला दर वेळी उमगायचं. घरच्याला कुणी आग्रह करतं का? घरच्याला काम सांगतात.

ती ताडकन उठली.

बाहेरच्या खोलीत काका घराला बिस्किटं दाखवत होते. उघड्या दारातून पुढची पायरी पाण्यावर गेलेली दिसत होती. भिंगरी सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेली आणि चौकट धरली.

"थांब ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी थांब ना." पण ती पुन्हा विनवणीच झाली. बिजागरीने हळूच "नको, उशीर होतोय" म्हटलं, आणि दुसरी पायरीही पाण्यावर गेली.

मग भिंगरीने कमरेवर हात ठेवले.

"ए, कुठे निघालंस?"

काकांच्या हातातलं बिस्कीट पडलं. घर थांबलं.

"तुलाच विचारतेय. न्हाणीचा नळ दहादा सांगूनही नीट झाला नाही, वरच्या खिडकीची कडी लागत नाही, छप्पर मागच्या बाजूला गळतंय, ती कामं टाकून कुठे निघालंस नटून? घरात जावई आलेत, पहिल्यांदा आलेत, त्यांना धड टेकायला जागा नाही, आणि तू चपला घालून दारात उभं? पाहुणे ते आहेत. तू नाहीस. तू घरचं आहेस."

"अगं, चिडेल ते," काका कुजबुजले.

"चिडू दे," आई म्हणाली. डोळे पुसून ती सरळ उभी राहिली होती. "तिला बोलू द्या, भावजी. मध्ये तोंड घालू नका."

घर चिडलं नाही, पण अडून राहिलं. तुळई कण्हली. त्या कण्हण्यात प्रश्न होता, आणि तो सगळ्यांना कळला. मला रोज सांगते ती आत्या. तू कोण सांगणारी?

आजवर भिंगरीला कुणी काही विचारलंच नव्हतं, फक्त इकडे जा, तिकडे हसू नकोस, असं सांगितलं होतं. तिने मागे वळून आत्याकडे पाहिलं. आत्या काठी मांडीवर आडवी ठेवून बसली होती. एकही ठोका दिला नाही तिने.

"मी धाकटी," भिंगरी म्हणाली. "आत्याचा घसा बसलाय. दादाला वर भीती वाटते, ताई तिच्या घरी जाणार, आईला धाकधूक होते. म्हणून मी सांगतेय. आज मी सांगतेय, उद्याही मीच सांगणार, आणि परवा पण. तू ऐकलं नाहीस तरी सांगणार. तुझं काही बिघडलं तर लोक मला विचारतील, आणि मी म्हणेन, हो, आमचंच आहे."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. उद्या, परवा, रोज सकाळी, पावसात, सर्दीत, मन लागत नसताना सुद्धा. पण शब्द तोंडातून गेलेला होता, आणि परत घ्यावासा वाटत नव्हता. गंमत म्हणजे तिला आता हसू यायला लागलं होतं, पोटातून, आणि ते दाबावंसंही वाटेना. ती हसली. मोठ्याने, तोंड उघडून. सगळ्यांनी टेबल धरलं.

घर उठलं नाही. त्याने नुसता खांदा उडवल्यासारखं केलं, आणि न्हाणीत नळ गळायला लागला. टप, टप. मग तसबीर वाकडी झाली. कोठीचं दार आपटलं आणि अडकलं.

"हां," भिंगरी म्हणाली. "चल आता. इथे नाही, पाण्यात काय बसतंस? आपल्या जागी. आणि जाताना त्या दोरीवरचे कपडे पाडू नकोस, कालच धुतलेत."

घर वळलं. कुरकुरत, रेंगाळत, शाळेतून ओढून आणलेल्या पोरासारखं गल्लीभर आवाज करत परत निघालं. सगळी माणसं खिडक्यांना लटकून खाली पाहत होती. भोंगाही पाहत होता, एका डोळ्याने. ताई आणि जावई एकमेकांना धरून इतके हसत होते की ताईला उचकी लागली, आणि घराने कुणाचंच मनावर घेतलं नाही. काकांची चड्डी तेवढी बेकरीवाल्याच्या धुराड्यावर अडकली. फाटकाशी आल्यावर भिंगरी म्हणाली, "बस." तिने आवाज चढवला नाही. उशी सरकवून दे म्हणतात, तेवढ्याच आवाजात म्हणाली.

घर धप्पकन बसलं. कप नाचले, धूळ उडाली, आणि जावई खुर्चीसकट उताणे पडले. ते पडल्या पडल्या म्हणाले, "फार छान. फारच छान."

मग काय विचारता? तिला हातावर झेलायचंच तेवढं बाकी राहिलं. भोंग्याने तिला उचलून गोल फिरवलं आणि कानठळ्या बसतील अशा आवाजात "माझी सुटका झाली" म्हणून जाहीर केलं. काकांनी आत्याच्या शेजारची मोठी गादीची खुर्ची स्वतःच्या रुमालाने झटकली.

"या," ते म्हणाले. "इथे बसा. तुम्ही आज घराण्याची लाज राखलीत."

भिंगरी बसली. ताईने तिच्या हातात कप दिला, जावयांनी पाठीमागे उशी लावली आणि "आरामात ना?" असं विचारलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला बिस्कीट आधी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकून चहा पीत राहिली. सगळे तिच्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि तिला काहीतरी बरोबर वाटत नव्हतं.

"आता मामाकडे मानाने पाठवू हिला," काका म्हणाले. "अशी कर्तबगार मुलगी म्हटल्यावर टोप्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसवतील. जाण्याआधी एक छोटा समारंभ करू. मुद्दा पहिला—"

भिंगरीने कप खाली घेतला. तिने आत्याकडे पाहिलं. म्हणजे हे सगळं होऊनही आपण पाहुणेच.

आत्याने काठी उचलली. ती आपटली नाही, काकांच्या पोटाला लावली आणि त्यांना बाजूला सारलं. मग तिने तोंड उघडलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. फाटक्या पत्र्यासारखा आवाज आला, पण शब्द कळले.

"ए भिंगरे. बसलीस काय? ऊठ. समोरची सगळी ओळ बसवायची पडलीय अजून."

काकांनी मुद्द्यासाठी वर केलेलं बोट तसंच राहिलं. आई हळूच हसली आणि दुसरीकडे वळून टेबल पुसायला लागली.

भिंगरीने कप खुर्चीच्या हातावर ठेवला, आत्याच्या हातातली काठी घेतली, एका पायात चप्पल घातली, दुसरी सापडेना म्हणून तशीच दाराकडे धावली. बाहेर बेकरीवाला वीतभर उंच पायरीवर वाट पाहत उभा होता.

"अगं ए," आई मागून ओरडली. "तो कप कोण उचलणार?"

भिंगरी उंबऱ्यातून परत आली, कप उचलला, मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला, आणि कामाला गेली.